बुधवारची अपॉइंटमेंट

पंच्याऐंशी साली अमेरिकेला जाऊन परत आल्यापासून लोक मला दोनच प्रश्न विचारतात. बर्फ पाहिलं का, आणि धबधबा पाहिला का. दोन्ही नाही. सहा आठवड्यांपैकी पाच मी जॉर्जिया राज्याच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावात काढले. तिथे बर्फ पडत नाही आणि जमीन इतकी सपाट आहे की धबधब्याने पडावं तरी कुठून. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माझा धाकटा भाऊ वसंता तिथे डॉक्टर आहे आणि त्याला तिथेच राहायचं आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बावीस वर्षं बसते. सकाळी आठला खिडकी उघडायची, नवीन पेशंट डावीकडे, जुने उजवीकडे, ताप आणि खोकला वेगळे, लहान मुलं आधी. माझ्या खिडकीसमोर भांडणं होत नाहीत, हा माझा लौकिक. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते याच सवयीमुळे झालं.

एडिसन

पहिला आठवडा न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, मावसबहीण शैला हिच्याकडे. वही मी विमानातच उघडली होती. एका पानावर पाहायच्या गोष्टी, एका पानावर आणायच्या, आणि एका पानावर ‘इथे पाळायच्या गोष्टी’. तिसरं पान शैलाच्या घरी भराभर भरलं. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. दार मागून येणाऱ्यासाठी धरून ठेवायचं. मोठ्याने शिंकलं तर माफी मागायची.

शेजारी सत्तरीच्या एक बाई राहत. मी त्यांना मिसेस अमुक म्हणाले तर त्यांनी हसून सांगितलं, मला नुसतं नावाने, बेटी म्हणा. माझी जीभ वळेना. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे आमच्याकडे कानफटात बसेल.

“ताई, इथे अहो-जाहो नसतं गं,” शैला म्हणाली. “आमचा बॉससुद्धा नुसता बॉब. उलट मिसेस मिसेस केलंस तर त्यांना म्हातारं झाल्यासारखं वाटतं. तू प्रॅक्टिस कर.”

मी दोन दिवस कुंपणापाशी उभी राहून ‘बेटी, बेटी’ करून प्रॅक्टिस केली आणि वहीत लिहिलं: सर्वांना पहिल्या नावाने हाक मारावी. खाली रेघही ओढली.

निघायच्या आदल्या दिवशी ओक ट्री रोडवरच्या आपल्या लोकांच्या दुकानात गेलो. वसंताच्या बायकोने, मीनावहिनीने, फोनवर यादी सांगितली होती: हिंग, जाडे पोहे, गोडा मसाला, ज्वारीचं पीठ. ज्वारीचं पीठ मिळालं नाही. थालीपिठाची भाजणी मात्र मी घरूनच नेली होती. विमानतळावरच्या माणसाने ती पिशवी हुंगून पाहिली होती, आणि तो शिंकला होता. त्याने माफी मागितली.

लाल माती

वसंता ॲटलांटाच्या विमानतळावर आला होता. तिथून गाडीने चार तास. शेवटच्या तासात माती लाल झाली, महाबळेश्वरच्या वाटेवर होते तशी. दोन्ही बाजूंना भुईमूग आणि कापूस. सप्टेंबर संपत आला होता, बोंडं फुटलेली होती. रस्त्याच्या कडेला एक माणूस मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात शेंगा उकडत होता. मी गाडी थांबवायला लावली. ओल्या शेंगा, उकडलेल्या, कागदी पिशवीतून गरम पाणी गळतंय. इतक्या लांब येऊन आपल्याच शेताच्या बांधावर बसल्यासारखं वाटलं.

गाव नीटनेटकं. एक मुख्य रस्ता, कोर्टाची पांढऱ्या खांबांची इमारत, एक कापसाची गिरणी. कोर्टामागे एक सुंदर फुलबाग, अगदी चौकोनी. तिच्या एका कडेला दोन लोखंडी वाकवलेले दांडे जमिनीतून वर आलेले होते, कठड्यासारखे, पण कशाचाच कठडा नव्हता. मी वहीत टिपलं: ‘बागेत कठडा, उपयोग समजला नाही.’ वसंताला विचारायचं राहून गेलं.

मीनावहिनी तीस मैलांवरच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी साडेसहाला गाडी काढून जाते. वसंताचा दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर. सहा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या गोऱ्या डॉक्टरकडून त्याने तो इमारतीसकट घेतला. आजूबाजूच्या कुठल्याच अमेरिकन डॉक्टरला या गावात यायचं नव्हतं, म्हणून आपल्या माणसाला मिळाला, असं तो म्हणाला. पेशंट गोरे आणि काळे दोन्ही. शेतकरी, गिरणीतले कामगार, घरकाम करणाऱ्या बाया.

दवाखान्यात मदतीला जॉइस नावाची एकच बाई. फोन, नोंदी, इंजेक्शन, सगळं तीच बघायची. तिथल्या माझ्या चौथ्या आठवड्यात तिच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि जॉइस नऊ दिवसांच्या रजेवर गेली. वसंता कपाळाला हात लावून बसला. मी म्हटलं, काळजी करू नकोस, खिडकीवर मी बसते. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने मला काही समजावून सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही. पेशंट तो पेशंट, त्यात काय समजावायचं.

मंगळवार

पहिल्या दिवशी मी फक्त निरीक्षण केलं. रस्त्याकडची एकच खोली, बारा खुर्च्या, आणि एका वेळी सतरा-अठरा माणसं. फोन करून वेळ घेतलेले आणि नुसतेच आलेले, सगळे एकत्र. कोणाचा नंबर कधी, काही पत्ता नाही. जॉइसला म्हणे चेहऱ्यांवरून कळतं.

माझ्या टेबलामागे एक दार होतं. उघडलं तर आत चांगली मोठी खोली, गल्लीकडे वेगळं दार, एक नळ, भिंतीला लागून लाकडी बाक. आणि जमिनीपासून छतापर्यंत औषधांच्या सॅम्पलची रिकामी खोकी. एवढी जागा खोक्यांना, आणि माणसं बाहेर उभी. डॉक्टर हुशार असले तरी त्यांना जागेची अक्कल नसते, हे मी बावीस वर्षं पाहत आले आहे.

दवाखाना बंद झाल्यावर, “जरा आवराआवर करते, तू हो पुढे,” असं वसंताला सांगून मी खोकी सपाट करून गल्लीत रचली, खोली झाडली, बाक पुसले. एका पुठ्ठ्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं: ‘अपॉइंटमेंट नसलेल्यांनी मागच्या खोलीत बसावे.’ आतल्या दाराच्या वर दोन खिळे तयारच होते, बरोबर पाटी लावायच्या अंतरावर. पुठ्ठा असा बसला की जणू त्याच मापाचा कापला होता.

बुधवार

अकरा वाजेपर्यंत सगळं घड्याळासारखं चाललं होतं. जॉइसच्या वहीत नाव असेल त्यांनी पुढे, नसेल त्यांनी मागे. कोणी एक शब्द बोललं नाही. मला वाटलं, काय शिस्तीची माणसं. एकच गोरा म्हातारा शेतकरी, वेळ न घेता आलेला, मागच्या दाराकडे बघून थबकला आणि मी ट्रकमध्ये बसतो म्हणून बाहेर गेला. हट्टी, असं मी मनात म्हटलं. वसंता सकाळी बाजूच्या दाराने थेट आतल्या खोलीत गेलेला, एकामागून एक पेशंट बोळातून त्याच्याकडे जात होते. तो बाहेर आलाच नाही.

आता लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहिते. मी दोन्ही खोल्यांत डोकावून किती खुर्च्या भरल्या ते मोजत होते. कुठे कोण बसलंय ते मला दिसलंच नाही.

साडेअकराला एक उंच म्हाताऱ्या काळ्या बाई आल्या. डोक्याला निळी टोपी, पांढरे हातमोजे, हातात काठी. डाव्या पायात पुढून कापलेली सपात, आत बँडेज. मी कार्ड काढलं. आडनाव टॉलिव्हर, नाव लुईज. जॉइसच्या वहीत त्यांची वेळ नव्हती.

मी शैलाने शिकवल्याप्रमाणे हसून म्हटलं, “लुईज, तुम्ही मागच्या खोलीत बसा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दारावरची पाटी वाचली, अगदी सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग पुन्हा माझ्याकडे.

“ही कोणाची कल्पना?” त्यांनी विचारलं.

“माझी,” मी म्हणाले. कौतुक ऐकायच्या तयारीनेच म्हणाले.

“डॉक्टरांना सांगा, मिसेस टॉलिव्हर येऊन गेल्या.” एवढं बोलून त्या वळल्या आणि काठी टेकत निघून गेल्या. मागच्या खोलीतल्या दोन बायाही उठून त्यांच्यामागे गेल्या. मी वहीत लिहिलं: ‘तीन पेशंट न थांबता गेले. कारण समजले नाही.’

बुधवारी दुपारी त्या गावात सगळं बंद असतं. एक वाजता शेवटचा पेशंट गेला आणि वसंता हात पुसत बाहेर आला. “टॉलिव्हर बाई आल्या नाहीत?” त्याने विचारलं. मग त्याची नजर पाटीवर गेली. तिथून मागच्या खोलीत, रिकाम्या बाकांवर.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसला.

“ताई, तिथे कोण कोण बसलं होतं?”

मी नावं वाचायला लागले. पाचव्या नावाला माझं मलाच दिसलं. पुढच्या खोलीत सगळे गोरे, मागच्या खोलीत सगळे काळे. ज्यांच्याकडे फोन आहेत, ज्यांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या आहेत, त्यांनी वेळ घेतलेली. ज्यांना मालकीणबाईने सोडलं की यायचं, ते नुसते आलेले.

“ते खिळे तसेच होते ना?” तो म्हणाला. “तिथे वीस वर्षांपूर्वीपर्यंत पाटी होती. ‘कलर्ड’. काळ्यांनी गल्लीतून यायचं, त्या बाकांवर बसायचं, त्या नळाचं पाणी प्यायचं. पुढची खोली रिकामी झाली की मग म्हातारा डॉक्टर त्यांना बघायचा. मी ती खोली सहा वर्षं खोक्यांनी भरून ठेवली होती, ती काय मला जागेची अक्कल नव्हती म्हणून?”

पण खरी गोष्ट अजून पुढेच होती. मिसेस टॉलिव्हरना साखरेचा आजार. पायाची जखम तीन महिने चिघळत होती. गेल्या बुधवारी अंगठ्याजवळचा रंग वसंताला आवडला नव्हता. या बुधवारी पाहून ठरवायचं होतं की शहरातल्या सर्जनकडे पाठवायचं का. सर्जन म्हणजे काय, ते मला सांगावं लागलं नाही. आमच्या दवाखान्यात साखरेचे पाय मी पाहिले आहेत, आणि कुबड्या घेऊन परत आलेली तीच माणसंही.

वसंताने फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. “त्या आल्या नाहीत तर दुसऱ्या डॉक्टरकडे जायला गाडी नाही,” तो म्हणाला. “आणि त्या येईनाशा झाल्या तर त्यांच्या चर्चमधलं कोणी येणार नाही. ते बरोबरच करतील.”

तो लगेच निघत होता. मी म्हटलं, पाटी मी लावली, मी येणार. त्याआधी मी खुर्चीवर चढून पुठ्ठा काढला. खिळे हाताने निघेनात.

आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे डोक्यातून जात नाही. घरी जाऊन यादी केली. शिरा: साखर, नाही. लाडू: नाही. केळी: नाही. शेवटी भाजणीची पिशवी काढली, कांदा चिरला आणि चार थालीपिठं लावली. वसंता म्हणाला, ताई, तिकडे पाय जायची वेळ आलीय आणि तू थापतेयस. पण एक थालीपीठ त्याने उभ्याउभ्या खाल्लंच.

मिसेस टॉलिव्हरचा व्हरांडा

वाटेत वसंताने कोर्टामागे गाडी सावकाश केली आणि फुलबाग दाखवली. “हा गावाचा पोहण्याचा तलाव होता. फक्त गोऱ्यांचा. चौसष्ट साली काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायला बंदी करणारा कायदा आला, सगळ्यांना आत घ्यावं लागणार असं दिसलं, तेव्हा यांनी माती टाकून तो बुजवला आणि वर फुलं लावली.” ते दोन लोखंडी दांडे म्हणजे तलावात उतरायच्या शिडीचे. मी तीन आठवडे त्या बागेचं कौतुक करत होते.

गिरणीपलीकडे लाकडी घरांची रांग. मिसेस टॉलिव्हर व्हरांड्यात झोपाळ्यासारख्या खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. फोन घरात वाजत होता तेव्हाही त्या तिथेच बसल्या असणार. मी वसंताला म्हटलं, तू गाडीतच थांब.

त्यांनी मला वर बोलावलं नाही. मी पायऱ्यांखाली उभी राहिले. माझं इंग्रजी केसपेपरपुरतं, आणि त्यांचं बोलणं तिकडच्या हेलाचं. पण जे सांगायचं होतं त्याला फार शब्द लागणार नव्हते. मला माहीत नव्हतं, मी म्हणाले. मी जागा मोजली, माणसं पाहिली नाहीत. चूक माझी, डॉक्टरांची नाही.

“मला लुईज म्हणायला कोणी शिकवलं?”

“न्यू जर्सीत. तिथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात.”

“न्यू जर्सीत,” त्या म्हणाल्या, आणि तोंडाचा एक कोपरा हलला. “न्यू जर्सीवाल्यांना इथे कोणी काही विचारत नाही, त्याचं हेच कारण.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते. ती पाटी होती तेव्हा त्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत. बुधवारी दुपारी गाव बंद, म्हणून त्या दिवशी काम अकरालाच संपायचं. एका बुधवारी त्या आणि चर्चमधल्या पाच बाया टोप्या-हातमोजे घालून रस्त्याकडच्या दाराने दवाखान्यात गेल्या आणि पुढच्या खोलीत बसल्या. पोलीस आले, त्यांना बाहेर काढलं. पुढच्या बुधवारी पुन्हा गेल्या. विणकाम बरोबर घेऊन. शाळेने नोकरीवरून काढलं. पुन्हा गेल्या. कापूस पेरला तेव्हा सुरू केलं, आणि वेचणी होत आली तरी डॉक्टर त्यांच्यासमोरून जायचा-यायचा, जणू खुर्च्या रिकाम्या आहेत. मधल्या काळात कायदा झाला. पण कायद्याला या गावापर्यंत यायला वेळ लागत होता.

“एक दिवस तो दारात आला. म्हणाला, लुईज. मी विणत राहिले. पुन्हा म्हणाला, लुईज. मी टाका मोजत होते. मी दुसरी ओळ सुरू केली. मग म्हणाला, मिसेस टॉलिव्हर. मी उठले आणि आत गेले.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “माझी अपॉइंटमेंट आहे, बाई. बुधवारची. तुमच्या भावाच्या आधीपासूनची. ती वहीत लिहायची गरज कधी पडली नाही.”

मी थालीपिठांचा डबा खालच्या पायरीवर ठेवला.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “तुमच्या देशात असतात का मागची दारं?”

नाही म्हणणं सोपं होतं. त्यांना कळलंही नसतं. पण खोटं बोलायला मी आले नव्हते. म्हटलं, असतात. माझ्या लहानपणी आमच्या परसदारी सरपणाचा भारा घेऊन एक बाई यायची. ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची. तिच्या चहासाठी कोनाड्यात कानतुटका कप वेगळा पालथा ठेवलेला असायचा. पाणी आम्ही वरून ओतायचो, तिच्या ओंजळीत. मी स्वतः ओतलंय. आमच्याकडच्या लोकांनीही तळ्याचं पाणी प्यायला मोर्चा नेला होता, महाडला, मार खाल्ला होता. ते मी शाळेत शिकले होते, आणि घरी येऊन वरून पाणी ओतत होते.

“तिचं नाव काय?”

“तानी.”

“तानी काय?”

दहा वर्षं ती आमच्या दारी आली. पुढचं नाव मला माहीत नव्हतं.

मिसेस टॉलिव्हर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी काठीने वरच्या पायरीवर टकटक केलं, म्हणजे वर या. “नाव काढा,” त्या म्हणाल्या. “पूर्ण. आणि मला पत्राने कळवा.” मग गाडीकडे मान वळवली. “आणि डॉक्टर तिथे काय करतायत? की त्यांना मागच्या दाराने यायचंय?”

वसंता पिशवी घेऊन जवळजवळ धावतच आला. त्याने व्हरांड्यातच बँडेज सोडलं. मी दुसरीकडे बघत होते. त्याने बोटांनी अंगठा दाबून पाहिला. मग मराठीत म्हणाला, “ताई, रंग सुधारलाय. सर्जन नको.” आणि मग तेच इंग्रजीत. मी पायरीवर खाली बसले.

जखम बांधता बांधता मिसेस टॉलिव्हरनी त्यालाही सोडलं नाही. सहा वर्षं खोकी भरून ठेवलीत, त्या म्हणाल्या, तुमचा हेतू चांगला होता. पण खोकी काढायला एक नीटनेटकी बाई पुरली. थालीपिठांचा डबा त्यांनी उघडून हुंगला, तुकडा मोडला. मक्याच्या पावाचा भारतातला चुलत भाऊ दिसतोय, म्हणाल्या, पण भांडकुदळ आहे. तिखट जरा जास्त झालं होतं. पण बाकीचं झाकून आत नेलं.

पुढच्या बुधवारी येणार का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

दुसरा बुधवार

मधल्या दिवसांत वसंताने सोळा खुर्च्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसवल्या. मी प्रत्येकाला आडनावाने, मिस्टर किंवा मिसेस लावून हाक मारत होते. काही गोऱ्या शेतकऱ्यांना ते विचित्र वाटलं, पण आवडलं. ट्रकमध्ये बसणारा म्हातारा तर टोपी काढून नमस्कार करायला लागला. पण बुधवारी न थांबता गेलेल्या दोन बाया आल्या नव्हत्या, आणि रोज चर्चवाल्यांपैकी कोणीतरी कमीच असायचं. शुक्रवारी मला परत निघायचं होतं.

बुधवारी साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून फाइली लावत होते.

बारा वाजता दार उघडलं. निळी टोपी आत आली. तिच्यामागे एक पिवळी, एक जांभळी आणि दोन पांढऱ्या. चारही बाया साठी-सत्तरीच्या, हातमोजे घातलेल्या. त्यांतल्या दोघी न थांबता गेलेल्या त्याच. खुर्च्या भरलेल्या होत्या. ट्रकवाला म्हातारा उठला, आणखी चौघे उठले. बाया ओळीने बसल्या आणि पर्समधून विणकाम काढलं.

मी एकेकीला काय होतंय ते विचारलं. कोणालाच काही होत नव्हतं. “आम्ही खोली बघायला आलोय,” जांभळी टोपी म्हणाली.

मी कार्ड हातात घेतलं, उभी राहिले, आणि वीस माणसांसमोर म्हटलं, “मिसेस टॉलिव्हर, डॉक्टर तुमची वाट बघतायत.”

त्यांनी टाका पूर्ण केला. मला वाटतं मुद्दाम दोन टाके जास्तच घातले. मग उठल्या. माझ्या टेबलापाशी थांबून पर्समधून एक पक्कड काढून टेबलावर ठेवली. “ते खिळे,” त्या म्हणाल्या. “वीस वर्षं मीही बघितले नाहीत.”

खिळे मीच काढले. दोन्ही चांगले लांब होते.

घरी

परत आल्यावर तीन दिवस झोपेत गेले. चौथ्या दिवशी कामावर. खिडकीसमोर पहिली आली ती एक धनगर आजी. मी म्हटलं, पूर्ण नाव सांगा, बाई. शिपाई सखाराम मागून म्हणाला, “बाई अमेरिकेत अहो-जाहो शिकून आल्या.” मी म्हटलं, नाही, विसरून गेले होते, परत आणलं.

रविवारी एसटीने माहेरच्या गावी गेले. तानी आहे की नाही तेही मला ठाऊक नव्हतं. होती. सत्तरीला आलेली, वस्तीतल्या नव्या सिमेंटच्या घरासमोर शेंगा फोडत बसलेली. मी काही बोलायच्या आत तिने ओळखलं. “मास्तरांची धाकली न्हवं तू? वसंता कसा हाय? आक्काचं गुडघं? आन् तुजा थोरला भाऊ, इष्णू, त्यो मुंबईलाच का?” आमच्या घरातल्या सातही माणसांची नावं तिने धडाधडा घेतली, गेलेल्यांचीसुद्धा.

मी तिचं पूर्ण नाव विचारलं. “कशाला? रेशनकार्डात घालतीस का मला तुज्या?” मग मोठ्याने हसली आणि सांगितलं. तान्हुबाई गेनू साठे. मी वहीत लिहून घेतलं, वाचून दाखवलं, तिने मान हलवली. मग त्यांच्याच कपातून चहा झाला. गूळ जास्त होता.

त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं आणि वहीतल्या त्या कामापुढे खूण केली.

दीड महिन्याने वसंताचं पाकीट आलं. पत्र दोन ओळींचं, तो कधीच जास्त लिहीत नाही. आत एक फोटो. दोन खोल्यांमधली भिंत पाडली आहे, एकच मोठी खोली झाली आहे, गल्लीकडच्या दाराच्या जागी खिडकी आहे. मधोमध मिसेस टॉलिव्हर उभ्या, निळी टोपी, हातमोजे. फोटोच्या मागे त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलंय: मिसेस साठे यांना माझा नमस्कार सांगा.

तो मी पुढच्या रविवारी सांगून आले. पण त्याआधी फोटो खिडकीशी नेऊन भिंगातून दोनदा पाहिला. काठी दिसत नाही. दोन्ही पायांत बूट आहेत.